सालाझारचा हिशेब मांडताय? मग या चुका टाळा

वर्षातून दोनदा माझ्या पडवीत वह्यांचा गठ्ठा येऊन पडतो. एकदा १८ जूनच्या आगेमागे, क्रांतिदिनाच्या निबंधस्पर्धेचा, आणि दुसऱ्यांदा १९ डिसेंबरच्या आधी, गोवा मुक्तिदिनाचा. मराठी शिकवून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षं झाली, पण गोव्यातल्या डिचोली-साखळी भागातली ‘सरांकडे द्या, ते बघतील’ ही सवय काही मोडली नाही. हल्ली वह्यांच्या जोडीला मोबाईलवर चित्रफितीही येतात. दीड मिनिटाची फीत, मागे ढोल, पुढे पुतळे, आणि विषय बहुतेक वेळा एकच: गोवा पोर्तुगीजांकडे असताना पोर्तुगालचा हुकूमशहा असलेला आंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार.

पूर्वी सगळी मुलं त्याला राक्षस म्हणायची. आता त्यात एक नवा गट आला आहे. ‘तेव्हा शिस्त होती, चोऱ्या नव्हत्या, माणूस स्वतः एक पै खाणारा नव्हता’ असं म्हणणारा. गंमत अशी की दोन्ही गटांच्या चुका त्याच. इकडचा निबंध तिकडे ठेवला आणि ‘वाईट’च्या जागी ‘चांगलं’ लिहिलं तर कुणाला पत्ता लागणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सालाझारबद्दल ते वाईट आहे आणि वाईटच राहणार. पण मत वाईट आहे म्हणून हिशेब गलथान चालेल, असं नाही. तो माणूस कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. १९२८ साली त्याला अर्थमंत्री केलं तेच मुळी तुटीचं अंदाजपत्रक सावरायला, आणि त्यानं ते सावरलं. अशा हिशेबनिसाची वही तपासायला बसायचं आणि आपल्याच बेरजा चुकायच्या, म्हणजे त्याच्या भक्तांना आयतंच हसायला मिळतं.

सप्तमीची तृतीया करू नका

ही माझी सगळ्यात आवडती, म्हणजे सगळ्यात नावडती, चूक. मराठीच्या मास्तराला ती चटकन दिसते, कारण ती विभक्तीची आहे. ‘सालाझारच्या काळात झालं’ ही सप्तमी. ‘सालाझारनं केलं’ ही तृतीया. मुलं एका वाक्यात सप्तमीनं सुरुवात करतात आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत ती तृतीया होऊन बसते. मध्ये पुरावा शून्य.

दुसऱ्यांना काय बोलू, मी स्वतः भर सभेत ही चूक केली आहे. वीसेक वर्षं झाली असतील. मुक्तिदिनाचा कार्यक्रम, देवळासमोर मांडव, मी प्रमुख वक्ता. निःपक्षपाती दिसण्याची मला फार हौस होती. म्हणून म्हणालो, ‘सालाझार हुकूमशहा होता खरा, पण सर्व धर्मांना एकच नागरी कायदा त्यानंच आपल्याला दिला, हे मान्य केलं पाहिजे.’ टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत एक म्हातारे वकील बसले होते. पोर्तुगीज अमदानीत शिकलेले, सनद त्या काळची. ते टाळ्या वाजवत नव्हते. कार्यक्रम संपल्यावर चहाचा पेला घेऊन जवळ आले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘मास्तर, कायदो कितल्या सालचो?’

मला माहीत नव्हतं.

पोर्तुगालची ती नागरी संहिता १८६७ सालची. गोव्यात ती १८७० पासून लागू झाली. सालाझारचा जन्म १८८९चा. म्हणजे जन्माच्या बावीस वर्षं आधी त्यानं कायदा केला, असं मी माईकवरून सांगितलं होतं. लग्न आणि घटस्फोटाचे जे कायदे आपण पुढारलेले म्हणून मिरवतो ते १९१० साली पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं तेव्हाचे. तेव्हा हा गृहस्थ एकवीस वर्षांचा होता. वकिलांनी चहा संपवता संपवता आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिनं माझी उरलीसुरली हवा काढली. सालाझारनं १९४० मध्ये व्हॅटिकनशी करार केला, त्याला धरून १९४६ साली वसाहतींसाठी विवाहाचा हुकूम निघाला, आणि चर्चमध्ये लग्न केलेल्या कॅथलिकांना दिवाणी घटस्फोटाची वाट बंद झाली. म्हणजे ज्या ‘एकच कायद्या’चं श्रेय मी त्याला दिलं, त्या कायद्याला भोक पाडणारा तोच.

त्या रात्री घरी आलो आणि किराणा मालाच्या हिशेबाच्या एका जुन्या लांब वहीत तीन रकाने आखले. ‘त्यानं केलं’, ‘त्याच्या काळात झालं’, ‘त्याला न जुमानता झालं’. ती वही अजून आहे. ही काही संशोधनाची पद्धत वगैरे नव्हे, माझी खोड आहे. पण काहीही लिहिण्याआधी ती गोष्ट कुठल्या रकान्यात बसते ते बघितल्याशिवाय मी पेन उचलत नाही.

पहिल्या रकान्यात काय येतं? १९३०चा वसाहत कायदा येतो. त्या वर्षी काही महिने वसाहत खात्याचा तात्पुरता कारभार त्याच्याकडेच होता आणि त्या कायद्यानं गोव्यासारख्या मुलखांना स्पष्टपणे पोर्तुगालच्या मालकीच्या पंक्तीत बसवलं. त्याच वर्षी गोमंतकीय पत्रकार आणि नेते लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या कौन्सिलात त्याविरुद्ध ठराव मांडला आणि स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला. १९३३ची राज्यघटना येते. गुप्त पोलीस येतात. १९५० मध्ये भारतानं बोलणी सुरू करायला सांगितलं तेव्हा दिलेला नकार येतो. १९५३ मध्ये भारतानं लिस्बनची आपली वकिलात बंद केली ती या नकाराला कंटाळूनच.

दुसरा रकाना नेहमीच लांब होतो. दाबोळीचा विमानतळ, १९५५. लोखंडाच्या खाणी, ज्यांच्या लाल मातीनं आमच्या डिचोलीचे पावसाळी ओढे रंगले. देवस्थानांचा कारभार म्हाजनांनी कसा चालवायचा हे सांगणारा १९३३चा म्हाजनी नियम, ज्याचा हवाला आजही देवळांच्या भांडणात दिला जातो. यातलं प्रत्येक त्याच्या काळातलं. पण त्यानं खाणी शोधल्या नाहीत. युद्धानंतर जपान आणि पश्चिम जर्मनीला लोखंड हवं होतं, म्हणून त्या चालल्या. त्याच्या राजवटीनं वाटलेल्या सनदा मात्र त्याच्या मागे उरल्या. त्या रद्द करून त्यांचे लीज करायला १९८७चा कायदा यावा लागला, आणि पुढचं कोर्टकज्जांचं रामायण आपण सगळे बघतोच आहोत. अशा वेळी मी रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहितो. वहीत तशी बरीच गिचमिड आहे.

हीच चूक उलट्या दिशेनंही होते. इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीच्या न्यायासनाचं, पाप सालाझारच्या माथी मारणारे निबंध मी मोजायचे सोडून दिले. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आलं आणि १८१२ मध्ये कायमचं गेलं. आणि ‘साडेचारशे वर्षांचा जुलूम’ लिहिणारी मुलं डिचोलीची असली की मी वहीच मिटतो. बाबांनो, डिचोली, सत्तरी, पेडणे या नव्या काबिजादी. अठरावं शतक सरता सरता पोर्तुगीजांकडे गेलेल्या. आपल्या गावाचा आकडा तरी आपला असू द्या. सालाझार सत्तेच्या खुर्चीत आला १९३२ साली आणि गोवा सुटला १९६१ साली. एकोणतीस वर्षं. त्याच्यावर लिहिताना हीच तेवढी वही उघडायची.

दाराची कडी

‘तेव्हा लोक दारांना कड्या लावत नसत.’ हे वाक्य मला गोव्यातल्या प्रत्येक गावानं ऐकवलं आहे. मुलं ते ध्वनिमुद्रित करून आणतात, त्याखाली ‘प्रत्यक्ष साक्षीदार’ असं लिहितात आणि निष्कर्ष काढून मोकळी होतात.

काही वर्षांपूर्वी कॉलेजातली दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, प्रकल्प घेऊन आली. एका मोठ्या घरच्या आजोबांची मुलाखत होती. काम एका दुपारचं, पण नीटनेटकं. आजोबांनी हॉलंडच्या बटाट्यांची गोष्ट सांगितली होती, विलायती चीज आणि दारू किती स्वस्त होती ते सांगितलं होतं. गावात एक पोलीस पुरे व्हायचा. आणि अर्थात, कड्या. मी विचारलं, ‘मागल्या दाराला गेला होता का?’ गेली नव्हती. पुढच्या सोप्यावर बसून, सोलकढी पिऊन परत आली होती.

पुढच्या रविवारी मी त्यांना घेऊन गेलो. मे महिना होता. त्या घराच्या मागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आणि कुळागराच्या टोकाला मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्याचं, घर. आता चिऱ्याचं, पत्रे घातलेलं. म्हातारी बाहेर रातांबे फोडत बसली होती. मुलानं लगेच फोन पुढे धरला आणि विचारलं, ‘आजी, पोर्तुगीज काळ कसा होता?’ म्हातारी म्हणाली, ‘पाखल्यांच्या काळांत बरें आशिल्लें.’ मुलानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं.

मी म्हटलं, फोन खिशात घाल आणि रातांबे फोडायला बस.

तासभर आम्ही रातांबे फोडले. हात लाल झाले, डास चावले. कुणाचं लग्न, कुणाची गाय, कुणाचा पोरगा वास्कोला नोकरीला, अशी बोलणी झाली. मग मुलीनं, ती जरा शहाणी होती, सहज म्हटलं, आजी, तेव्हा म्हणे दाराला कडीसुद्धा लावत नसत. म्हातारी हसली. ‘दार खंय आशिल्लें, बाबा? चुडटांची झांप आशिल्ली. तिका कसली कडी?’ म्हणजे दार कुठलं, माडाच्या झावळ्यांचं विणलेलं झाकण.

मग पुढचं आलं. बाप भाटकाराच्या कामाला बोलावल्या वेळी जायचा, मजुरी मिळेलच असं नाही. भाटकाराचं मन फिरलं तर झाप उचलून दुसऱ्या भाटात. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. आणि सालाझार? ते नाव तिनं मुक्तीनंतर ऐकलं. चिऱ्याचं घर बांधायचं धाडस झालं ते १९७५च्या मुंडकार कायद्यानंतर, हेही तिनंच सांगितलं, कायद्याचं साल न चुकता.

मुलांनी प्रकल्प पुन्हा लिहिला. मुलीनं मोठ्या आवेशात लिहिलं, ‘आजोबा खोटं बोलले.’ त्यावरही मी तांबडी पेन्सिल फिरवली. आजोबा खोटं बोललेच नव्हते. त्यांच्या घराला खरोखरच दार होतं आणि कडी खरोखरच लावत नसत. हॉलंडचे बटाटेही खरे. भारतानं १९५५ मध्ये आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा बेळगावकडून येणारा माल थांबला. मग बटाटे हॉलंडहून आले, तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून. खाणींच्या डॉलरांवर ते परवडलं. म्हणजे ज्या बटाट्यांच्या आठवणीनं आजोबांचे डोळे पाणावतात, ती सुबत्ता सालाझारच्या शहाणपणाची नव्हे, त्याच्या हट्टामुळे आलेल्या नाकेबंदीची. खरी आठवण आणि चुकीचा निष्कर्ष एकाच वाक्यात सुखानं नांदू शकतात. माणसाला खोटारडा न ठरवता त्याचा निष्कर्ष नाकारता येतो, हे शिकायला मला साठी गाठावी लागली. विशीतल्या मुलांना ते एका रविवारी जमावं अशी माझी अपेक्षा नाही, पण निदान रातांबे तरी फोडा.

माझा नियम साधा आहे. पुढल्या दाराची एक मुलाखत झाली की मागल्या दाराची एक, आणि पहिल्या भेटीत फोन बाहेर काढायचा नाही. ‘सर, वेळ नाही, सबमिशन शुक्रवारी आहे.’ मग शुक्रवारी दुसरा विषय द्या. आंब्याच्या जातींवर लिहा.

काही चुका एका ओळीच्या

सालाझारचा पणजीतला फोटो छापू नका. तो गोव्यात कधी आलाच नाही. ज्या मुलखासाठी शेवटच्या माणसापर्यंत लढा म्हणून हुकूम सोडला तो मुलूख त्यानं डोळ्यांनी पाहिला नव्हता.

त्याला हिटलर म्हणू नका. त्यानं उभी केलेली राजवट तिच्या स्वतःच्या नावानं पुरेशी वाईट आहे, उसनं नाव कशाला.

अवतरणचिन्हांत त्याची वाक्यं टाकताना मूळ भाषण दाखवता येत नसेल तर चिन्हं काढा, आणि चिन्हं काढून वाक्य लुळं पडत असेल तर वाक्यही काढा.

१९५१ साली ‘वसाहती’ हा शब्द जाऊन ‘समुद्रापारचे प्रांत’ हा शब्द आला. पाटी बदलली म्हणजे हक्क मिळाले असं लिहू नका. पाटी संयुक्त राष्ट्रांसाठी होती, आणि संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९६०च्या ठरावात गोव्याला स्वशासन नसलेल्या मुलखांत धरून ती पाटी मानली नाहीच.

वर्तमानपत्रात तक्रार नाही, म्हणजे लोक सुखी

ही अभ्यासू मुलांची चूक आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. मुलगा पणजीतल्या पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जातो, जुन्या फायली काढतो, डोळे फोडून वाचतो. आणि मग लिहितो, ‘त्या काळातल्या वृत्तपत्रांत सरकारविरुद्ध असंतोष आढळत नाही.’

अरे, कसा आढळेल? छापायच्या आधी प्रत्येक मजकूर सेन्सॉरकडे जात होता. लग्नाची पत्रिकासुद्धा मंजुरीशिवाय छापता येत नव्हती, हे जुन्या घरांत कुणालाही विचारा. मिनेझिस ब्रागांझांसारख्या माणसाचं पत्र बंद पडलं. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा गुन्हा काय होता, तर परवानगीशिवाय सभा. ज्या राज्यात बोलणं हाच गुन्हा, तिथल्या कागदांतली शांतता म्हणजे लोकांची संमती कशी?

या चुकीवर माझा उपाय म्हणजे हद्दीपलीकडचा कागद बघणं. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी मुंबईहून काढलेलं ‘फ्री गोवा’ बघा. १९५५च्या अखेरीपासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या रानातून चालवलेल्या गुप्त रेडिओबद्दल वाचा. तेही एका बाजूचंच आहे, मान्य. पण एका बाजूचे दोन कागद समोरासमोर ठेवले की मधली जागा तरी दिसते.

१४ डिसेंबरची तार

‘सालाझारनं गोव्यात रक्तपात होऊ दिला नाही.’ गेल्या वर्षी एका मुलीनं हे लिहिलं. पहिल्यांदा वाटलं, थट्टा आहे. पण तिचा तर्क सरळ होता. १९६१ मधली भारतीय सैन्याशी लढाई दोन दिवसांत संपली, दोन्ही बाजूंची मिळून पन्नासेक माणसं गेली, पणजी शाबूत राहिली, मग हे कुणामुळे? तिकडे जो प्रमुख त्याच्यामुळे.

इथे माझ्या वहीतला तिसरा रकाना कामाला येतो. १४ डिसेंबर १९६१ रोजी सालाझारनं गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांना तार केली. तिचा आशय असा की तह नाही, पोर्तुगीज कैदी नाहीत, जहाजं शरण जाणार नाहीत. सैनिक आणि खलाशी एकतर विजयी असतील किंवा मेलेले. निदान आठ दिवस टिकून राहा, तोवर जगाकडे दाद मागतो. वासालो इ सिल्व्हांच्या हाताशी तीन हजारांहून थोडे अधिक सैनिक आणि जुनाट शस्त्रं. त्यांनी हिशेब केला आणि १९ डिसेंबरच्या रात्री शरणागतीवर सही केली. लिस्बननं त्याबद्दल त्यांना १९६३ मध्ये सैन्यातून काढून टाकलं. त्यांचा हुद्दा परत मिळाला तो १९७४च्या क्रांतीनंतर. कैद झालेले त्यांचे सैनिकही मे १९६२ पर्यंत इथल्या छावण्यांत ताटकळत राहिले.

तेव्हा पणजी शाबूत राहिली ती सालाझारचा हुकूम मोडला गेला म्हणून. नेत्याचा वारसा तपासताना त्याच्या हाताखालच्या माणसांनी त्याचं काय ऐकलं नाही, हेही बघावं लागतं. घाईत लिहिणारा नेहमी वरचं नाव उचलतो. मंत्र्याच्या नावानं पुलाची कोनशिला बघायची सवय लागलेली असते ना!

पासपोर्ट, आणि आजचा राग

हल्ली एक नवीन युक्तिवाद ऐकतो. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो. गावोगावची पोरं त्यावर लंडन-स्विंडनला पोचली. मग म्हणे सालाझारनं आपल्याला नागरिक मानलं, त्याचीच ही फळं.

त्या पासपोर्टला किंमत आहे ती पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला म्हणून. आणि तिथे जाता आलं ते २५ एप्रिल १९७४ रोजी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवली गेली आणि सालाझारनं रचलेली राजवट कोसळली म्हणून. त्याच्या स्वतःच्या काळात पोर्तुगालचीच माणसं पोट भरायला फ्रान्सला जात होती, कितीतरी चोरवाटेनं. आमच्या पोरांच्या पासपोर्टबद्दल कुणाचे आभार मानायचेच असतील तर ज्यांनी त्याला पुसून टाकलं त्यांचे माना.

पण खरं कारण पासपोर्ट नसतंच. चहाच्या दुकानात बसून जो ‘सालाझारासारखा पाहिजे’ म्हणतो तो सालाझारबद्दल बोलतच नसतो. त्याला पंचायतीनं दाखला दिलेला नसतो, नळाला पाणी नसतं, आमदार पक्ष बदलून मोकळा झालेला असतो. राग जिवंत माणसावर, स्तुती मेलेल्याची. सालाझार व्यक्तिशः साधा होता हे खरं. संपत्ती जमवली नाही, लग्न केलं नाही, कपडे साधे. म्हणून काय झालं? साध्या माणसानं भरलेले तुरुंग काही साधे नव्हते. लाच न खाणारा जेलर आणि लाच खाणारा जेलर यांच्यात कैद्यानं कुणाला निवडावं, हे मला कुणी सांगावं. मी तर म्हणतो लाच खाणारा बरा, निदान बिडी तरी मिळेल.

त्याला फक्त गोव्याच्या खिडकीतून बघणं

ही आम्हा गोवेकरांची घरगुती चूक. आम्ही पोर्तुगाल म्हणजे सालाझार आणि सालाझार म्हणजे पोर्तुगाल असं धरून चालतो. पोर्तुगालातला पेनिशचा समुद्रकाठचा तुरुंग-किल्ला घ्या. ब्रागांझा कुन्हांना, पुरुषोत्तम काकोडकरांना, गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांना, तिथे नेऊन कोंडलं होतं. त्याच किल्ल्यात पोर्तुगालचे स्वतःचे विरोधकही होते. कम्युनिस्ट नेता आल्व्हारो कुन्याल जानेवारी १९६० मध्ये तिथून निसटला. आणि आमच्या सत्याग्रहींना मारझोड करणारा पोलिसांतला आजेंत (एजंट) कासिमिरो मोंतेरो, ज्याच्या नावानं जुनी माणसं अजून थुंकतात, त्यानंच १९६५ मध्ये स्पेनच्या सीमेजवळ जनरल उंबेर्तो देल्गादोचा खून केला. देल्गादोचा गुन्हा काय, तर १९५८ मध्ये सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. हात तोच, माणसं दोन खंडांतली. अंगोला, गिनी, मोझांबिकमध्ये त्यानं सुरू ठेवलेली युद्धं तर तो मेल्यावरही चार वर्षं चालली. गोवा त्याच्या वहीतलं एक पान होतं, आणि सगळ्यात रक्ताळलेलं नव्हे.

आणि उलटही बघा. २००७ साली पोर्तुगालच्या सरकारी दूरचित्रवाणीनं सर्वांत थोर पोर्तुगीज कोण यावर प्रेक्षकांची मतं घेतली. सालाझार पहिला, ४१ टक्के. त्याचे भक्त ही फीत मला दर डिसेंबरात पाठवतात. ते पुढचे दोन क्रमांक पाठवत नाहीत. दुसरा तोच कुन्याल, पेनिशचा कैदी. तिसरा आरिस्तिदेस द सोझा मेंदेस, १९४० मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाणिज्य वकिलातीत बसून सालाझारचा हुकूम धुडकावत ज्यूंना व्हिसा वाटणारा आणि त्यापायी नोकरीतून उठलेला माणूस. फोन करून मत देणाऱ्यांची हौस म्हणजे इतिहासाचा निकाल नव्हे. पण दाखवायचीच असेल तर यादी पूर्ण दाखवा.

शेवटच्या दोन वर्षांची गडबड

एवढं करूनही नव्वद टक्के वह्यांत ‘सालाझार मरेपर्यंत सत्तेवर होता’ हे वाक्य असतंच. नव्हता. ऑगस्ट १९६८ मध्ये एश्तोरीलच्या किल्ल्यात तो खुर्चीवरून पडला, पुढे मेंदूत रक्तस्राव झाला, आणि सप्टेंबरात त्याच्या जागी मार्सेलो काएतानो आला. भोवतालच्या माणसांनी मात्र त्याला ते कळू दिलं नाही. मंत्री येऊन भेटत, तो सूचना देई, ते माना डोलवत. जुलै १९७० मध्ये तो गेला.

या गडबडीत गोव्याच्या मुक्तीसाठी लढलेल्या मोहन रानड्यांची सुटका हमखास चुकते. १९५५ मध्ये बेतीला पकडलेले रानडे लिस्बनजवळच्या कशियसच्या तुरुंगातून जानेवारी १९६९ मध्ये सुटले. ‘अखेर सालाझारला दया आली’ असं यंदाही एका वहीत होतं. तेव्हा सालाझार पंतप्रधान नव्हता, आपण आहोत असं समजणारा रुग्ण होता. रानड्यांच्या सुटकेसाठी इकडे सुधीर फडक्यांसारखी माणसं वर्षानुवर्षं खटपट करत होती. त्या वाक्याखाली मी तांबडी रेघ मारली, बाजूला ‘१९६८ बघ’ एवढंच लिहिलं आणि वही परत दिली.